खरं नको, खोटं नको

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात खोटं बोलायची वेळ ठरलेली होती. संध्याकाळी सात. ताटं मांडली की तिघंही पाळीपाळीने खोटं बोलत, आणि ते झालं की जेवायला बसत.

ताई म्हणायची, "रांधताना चाखून चाखूनच माझं पोट भरलं." भाऊजी म्हणायचे, "रंगाच्या वासाने भूकच जाते बघ, मला अर्धंच वाढ." त्यांच्या मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिला सापडतो. ती म्हणायची, "मैत्रिणीने आज तिचा अर्धा डबा मला खायला लावला." तिघांनाही तिघांचं माहीत होतं. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसे ते रेटून बोलत. मग भात या ताटातून त्या ताटात जायचा, तिथून परत यायचा, आणि शेवटी जो हट्टात कमी पडेल त्याच्या ताटात राहायचा. बहुतेक वेळा मुंगी कमी पडायची. नऊ वर्षांचं पोर, हट्ट करून करून किती करणार?

मला हे बघून चीड यायची. मी तोंडाची फटकळ, माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. मी बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसते, नवऱ्याची नोकरी आहे, मूलबाळ नाही. दोन माणसांचं नीट चालतं. ताईला किती वेळा म्हटलं असेल, महिन्याचे तांदूळ माझ्याकडून नेत जा. "नेईन गं, लागले की," ती म्हणायची. ते तिला कधी लागलेच नाहीत. पोटाला चिमटा काढायचा, पण कुणापुढे हात पसरायचा नाही. या ताठ्याचं लोक कौतुक करतात. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत भाऊजींचे रंगाचे डबे, ब्रश आणि अर्ध्या रंगवलेल्या पाट्या; मागच्या खोलीत चूल, अंथरुणं आणि मुंगीचं दप्तर. भाऊजी पाट्या रंगवायचे. एके काळी बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांवर त्यांचं अक्षर होतं. मग छापलेल्या पाट्या आल्या, त्या तासाभरात मिळतात आणि स्वस्तही पडतात. भाऊजींच्या वाट्याला उरले फाटकांवरचे नंबर आणि 'येथे थुंकू नये'. ते म्हणायचे, "मेहुणीबाई, माझं लिखाण सगळं शहर रोज वाचतं, आणि एकही माणूस ऐकत नाही." घरातल्या तांदळाच्या डब्यावरही त्यांनी पिवळ्या रंगात सुरेख अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'भरलेला आहे'. मुंगीला त्याचं फार हसू यायचं.

ताई तयार कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायची. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे छोट्या कात्रीने छाटायचे, दिवसाला चारशे शर्ट. तिथून परत येताना ती मुद्दाम उठत्या बाजारात जायची. भाजीवाले पोती गुंडाळत असतात, तेव्हा मऊ पडलेले टोमॅटो आणि कोबीची वरची पानं जवळजवळ फुकट मिळतात. तांदूळ तुकड्याचा, पाव कालचा. बटाट्याची सालं ती कधी टाकत नसे, धुऊन तव्यावर परतायची. डाळीत पाणी घालायचं तिचं प्रमाण ठरलेलं होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डाळ चमच्याला चिकटायची, दुसऱ्यात ओघळायची, आणि शेवटच्या आठवड्यात ताटाचा तळ दिसायचा. त्या आठवड्यात भाऊजी ताटात वाकून बघत आणि भांग नीट करत.

रविवारी दोन अंडी उकडायची. माणसं तीन. ताई सुरी वापरत नसे. सुरीला पिवळं चिकटतं, तेवढं वाया जातं. कारखान्यातून आणलेल्या पांढऱ्या धाग्याचं एक टोक ती दातात धरायची, दुसरं हातात, आणि अंड्याचे तीन भाग असे करायची की तागडीत घालून बघावेत. मग दोघं नवरा-बायको आपापले भाग मुंगीच्या ताटात सरकवायची आणि मुंगी ते परत सरकवायची. कधी कधी अंडं थंड होऊन जायचं, तरी त्यांचं चालूच.

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत माझ्या नवऱ्याला बढती मिळाली. ते निमित्त करून मी तिघांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. सरळ बोलावलं असतं तर आले नसते. कोंबडी केली, बटाटे तळले, गोड केलं. मुंगी जेवली, दोनदा नको म्हणून का होईना ताईही जेवली. भाऊजींनी मात्र दोन घास खाल्ले आणि पुढे ताटात नुसती बोटं फिरवत बसले.

"घ्या ना भाऊजी," मी म्हटलं.

"पोट भरलं हो. छान झालंय."

"दोन घासांत?"

"रंगाच्या वासाने..."

"आज रविवार आहे, आज कुठला आलाय रंग?" माझी जीभ सुटली ती सुटलीच. "ताठा आपल्या घरी ठेवून यायचा असतो, भाऊजी. की माझ्या घरचं अन्न तुमच्या घशाखाली उतरत नाही?"

माझ्या नवऱ्याने खाली मान घातली. ताईचा चेहरा पडला. भाऊजी मात्र हसले. "तुमच्यापुढे नाही म्हणायची माझी काय बिशाद," म्हणाले, आणि त्यांनी ताट संपवलं. मी आणखी वाढलं. तेही त्यांनी संपवलं, हळूहळू, मधे मधे पाणी पीत. दिवसभर मी खूश होते. भल्याभल्यांना सरळ करते मी, असं नवऱ्याला म्हणालेसुद्धा.

पुढचं मला फार नंतर मुंगीकडून कळलं. घरी जाताना वळणावरच्या गटारापाशी भाऊजी बसले आणि खाल्लेलं सगळं उलटून पडलं. तोंड पुसून ते दोघींना म्हणाले, "मावशीला सांगू नका हं. तिने प्रेमाने केलं होतं." ताईला वाटलं, इतकं तेलकट खायची सवय राहिली नाही, त्यामुळे झालं असेल. तिथेच तो विषय संपला.

त्यानंतर महिन्याभराने ताई कामावरून येताना माझ्या खिडकीशी थांबली. चेहरा इतका मोकळा, की मला वाटलं हिला पगारवाढ मिळाली.

"आताशा भात उरतो गं," ती म्हणाली. "महिना संपत आला, पण डाळ अजून चमच्याला चिकटते. मुंगीचे गाल बघितलेस का? भरलेत जरा."

"चांगलं झालं की," मी म्हटलं. मागे रांग वाढत होती. कसा उरतो, हे मी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

लोक म्हणतात, घरात राहून कळलं कसं नाही? कसं कळणार? बारीक तर ते तिघंही होते. भाऊजींनी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं, तेव्हा पट्टा ताईनेच ताणून धरला होता. दुसऱ्या कुठल्याही घरात नवरा ताटावरून उठायला लागला की बायको दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे ओढत नेते. या घरात 'नको' हा शब्द रोज तिघांच्या तोंडी, आणि तो ऐकायचा नाही अशीच रीत. त्यातलाच एक 'नको' खरा झाला आणि तो कुणाला ऐकूच गेला नाही.

शाळेच्या फाटकावर नंबर रंगवताना भाऊजी शिडीवरून खाली आले. पडले असंही नाही, पाय लटपटले आणि खालीच बसले. शिपायाने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पोहोचवलं. निरोप आला तशी मी खिडकी दुसरीच्या ताब्यात देऊन धावले. तपासण्या झाल्या. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. तरुण होत्या, पण बोलणं शांत.

"यांची भूक कधीपासून गेली आहे?"

ताई म्हणाली, "ते आधीपासूनच कमी खातात."

"आधीपासून म्हणजे? दोन महिने? सहा महिने?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. मुंगी तिच्या आईच्या मागे उभी होती, ती म्हणाली, "बाबा रोजच नको म्हणतात. आम्ही सगळेच म्हणतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना काय ते समजलं असावं. पोटात गाठ आहे, पसरली आहे, असं त्यांनी सांगितलं. भूक मंदावते ही तिची पहिली खूण, तेव्हाच आला असतात तर काही करता आलं असतं. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

खाटेवर भाऊजी उशीला टेकून बसले होते. ताई त्यांना एवढंच म्हणाली, "अहो, सांगायचंत तरी."

"काय सांगू? इतकी वर्षं नाटक करत होतो," ते म्हणाले. "पोटात कावळे ओरडायचे आणि तोंडाने नको म्हणायचं. मग एक दिवस खरंच भूक लागेना. मला वाटलं, जमलं एकदाचं." आणि ते थोडंसं हसले. त्यांना वाटलं आम्हीही हसू.

अडीच महिन्यांत ते गेले.

काही दिवसांनी ताई परत कामावर जायला लागली. मी दर रविवारी तिच्याकडे जायची. ती बोलायची ती एकाच गोष्टीबद्दल. कुठला 'नको' पहिला खरा होता? मुंगी तापाने आजारी होती तेव्हाचा? कोबी जळला होता त्या दिवशीचा? ती एकेक जेवण आठवायची, चेहरा आठवायचा, हात कसा धरला होता ते आठवायची. खरा आणि खोटा, दोन्ही सारखेच दिसायचे, ती म्हणायची, इतकं चांगलं खोटं बोलायचे ते.

एकदा धागा बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "त्यांच्या वाट्याचं मी खाल्लं. पोटभर खाल्लं गं. आणि मला बरं वाटत होतं, भात उरतो म्हणून. तुला खिडकीवर येऊन सांगितलं मी."

मी तिला म्हटलं, "मी तर त्यांना टोचून टोचून वाढलं." बाहेर मुंगी कुणाशी तरी खेळत होती.

दोन महिने उलटले असतील. एका रविवारी मी गेले तर ताईने दोन अंडी उकडली होती. धागा दातात धरून तिने प्रत्येकाचे तीन भाग केले. माझ्यासाठी केले की हाताच्या सवयीने झाले, कोण जाणे. मी सवयीने म्हटलं, "मला नको, मी खाऊन आले."

मुंगीने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मावशी, खरं नको की खोटं नको?"

तिचा आवाज खेळातला नव्हता. मी खरं तर सकाळपासून चहावर होते.

"खोटं," मी म्हटलं.

तिने दोन भाग उचलून माझ्या ताटात ठेवले. या घरातला हा नवा कायदा आहे, हे मला तेव्हा कळलं. मी अंडं तोंडात घातलं. ताईने आपले दोन भाग मुंगीकडे सरकवले. "तू घे. मला नको."

"आई, खरं की खोटं?"

ताई ताटाकडे बघत राहिली. मला वाटलं ती रागावेल, पण ती मुलीला खरंच उत्तर शोधून देत होती.

"मला कळत नाही गं," ती म्हणाली.

तेव्हा कुठे मी माझ्या बहिणीकडे नीट पाहिलं. तिचा ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतलेला होता, बारीक, सरळ टाक्यांनी. जेवणाचं सगळं सामान घरात होतं. आता दोनच तोंडं होती, तांदूळ महिनाभर पुरून उरत होता, आणि डब्यावर 'भरलेला आहे' लिहिलं होतं ते पहिल्यांदाच खरं होतं.

सोमवारी मी कामावर दांडी मारली आणि तिला ओढत त्याच दवाखान्यात नेलं. मुंगीही शाळा बुडवून आली, आणि मी तिला परत पाठवलं नाही. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताईला ओळखलं की नाही ते कळलं नाही. त्यांनी कागद पुढे ओढला.

"भूक कधीपासून गेली आहे?"

ताईने तेव्हासारखंच माझ्याकडे पाहिलं. दर रविवारी तिच्यासमोर बसणाऱ्या मला या वेळीही उत्तर माहीत नव्हतं.

"एकोणीस दिवस झाले," मुंगी म्हणाली. "त्याच्या आधीचं खोटं होतं. मी रोज बघते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ते लिहून घेतलं.