सहाव्या गाण्यात काहीच नाही

मोखाड्यातल्या कांतीलालचे उद्योग दोन. एक पिठाच्या गिरणीचा, त्यावर घर चालतं. दुसरा गाण्यांच्या परीक्षणाचा, त्यावर कांतीलाल चालतो. जव्हारहून निघणाऱ्या 'डोंगरकडा' साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, श्रद्धांजलीच्या फोटोंखाली, 'कानावर पडलं ते' हे त्याचं सदर कित्येक वर्षं येतंय. सुरुवात भजनी मंडळांच्या कॅसेटपासून झाली. मग सीडी आल्या, मग लग्नातले डीजे आले आणि आता पोरं मोबाइलवर सोडतात ती हळदीची गाणी. कांतीलालने कोणाचीही भीडभाड ठेवली नाही. एका बुवांबद्दल त्याने लिहिलं होतं की बुवांचा आवाज देवापर्यंत पोचतो यात शंका नाही, प्रश्न फक्त देवाच्या सोशिकपणाचा आहे. त्या बुवांच्या घरचं दळण तेव्हापासून खोडाळ्याच्या गिरणीत जातं.

परीक्षणाची त्याची एक ठरलेली रीत होती. गाणं ऐकायचं ते गिरणीत बसून, आणि गिरणी चालू ठेवून. "जे गाणं गिरणीच्या वर ऐकू येत नाही, ते गाणंच नव्हे," हे त्याचं तत्त्व. घरी शांत खोलीत बसून काय, कुठलंही गाणं बरंच वाटतं, असं तो म्हणे. दुसरा नियम, गाणं चालू असताना मध्ये कोणी बोलायचं नाही. आता गिरणीच्या घरघरीत बोललेलं ऐकू तरी कोणाला येणार, पण पोशेऱ्याहून नागली घेऊन आलेल्या म्हातारीनेसुद्धा तोंड उघडलं की कांतीलाल पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून बोट ओठांवर ठेवी. संगीतासाठी गिरणी बंद करणं त्याला कधी सुचलंच नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती दुपारपर्यंत चालू होती, हे बायको रंजना अजून ऐकवते.

त्याची एकुलती एक मुलगी किमया या गिरणीतच वाढली. तान्ही असताना तिला पोत्यांवर निजवायचे. गिरणी चालू असेपर्यंत गाढ झोपायची आणि लाइट गेली की टक्क जागी होऊन रडायची. मोठी झाल्यावर तिने पुण्याला जाऊन आवाज मुद्रित करण्याचं शिक्षण घेतलं आणि ठाण्याच्या एका स्टुडिओत नोकरी धरली. लोक विचारत, पोरगी काय करते? कांतीलाल सांगे, "कॉम्प्युटरचं काम आहे." तिचं खरं काम त्याला समजत नव्हतं, आणि जे समजत नाही ते पोट भरणारं नसतं अशी त्याची पक्की समजूत होती. म्हणून त्याने जव्हारच्या एका पतसंस्थेत ओळखीपाळखी काढून तिच्यासाठी जागा धरून ठेवली. पंखा, टेबल, रविवारची सुट्टी.

दिवाळीला किमया घरी आली तेव्हा हा विषय निघालाच. ती चिडली नाही. चकली मोडत म्हणाली, "बाबा, आमचा एक अल्बम येतोय. नऊ जणांची नऊ गाणी, सायकेडेलिक ट्रान्स. त्यातलं एक माझं आहे. कुठलं ते सांगणार नाही, गाण्यांवर खरी नावंही नाहीत. तुम्ही नेहमीसारखं परीक्षण लिहा. माझं गाणं आवडलं तर पतसंस्थेचं नाव काढायचं नाही. नाही आवडलं तर मी मुकाट येऊन खुर्चीवर बसते."

"सायके काय?"

"ट्रान्स. लोक रानात जमून रात्रभर नाचतात त्यावर."

"ते इथे पण नाचतात. त्याला अल्बम कशाला हवा?" कांतीलाल म्हणाला. पण परीक्षकाचा मान राखून मुलीने मागितलेला कौल होता. नाही कसं म्हणणार? त्याने होकार दिला.

आणि इथेच त्या बिचाऱ्याची पंचाईत सुरू झाली. पोरीला हरवायचं त्याच्या मनात नव्हतं. खरं सांगायचं तर तिने जिंकावं, आणि जिंकल्यावर आपण 'बरं बाई, तू म्हणशील तसं' असं म्हणून हात झटकावेत, एवढीच त्याची इच्छा होती. पतसंस्थेच्या साहेबांना तोंड कसं दाखवायचं ते नंतर बघता आलं असतं. पण जिंकवायचं तर तिचं गाणं ओळखायला हवं.

अल्बम आला. त्यावरच्या चित्रात तीन डोळ्यांचा बेडूक होता. कांतीलालने ब्लूटूथचा डबा खिळ्याला टांगला, गिरणी सुरू केली आणि कान टवकारले. पहिलं गाणं आठ मिनिटांचं. त्यातली सात मिनिटं आता गाणं सुरू होईल म्हणून तो वाट बघत राहिला. दुसऱ्यात एक इंग्रज घोगऱ्या आवाजात सांगत होता की तुझं मन म्हणजे एक दार आहे, आणि मग ते दार कोणीतरी शेवटपर्यंत बडवत होतं. चौथ्यात कुणी पाण्यात घागर बुडवत होतं आणि ती काही केल्या भरत नव्हती. "उन्हाळ्यात सूर्यमाळच्या विहिरीवर असंच असतं," त्याने कागदावर टिपलं. सहाव्याच्या वेळी नुसतीच गिरणी ऐकू येत राहिली. त्याने डब्याचा आवाज वाढवला. तरी गिरणीच. डबा बिघडला की काय म्हणून त्याला थापट मारली, तेवढ्यात सातवं सुरू झालं.

सातव्यात पावा होता, पाखरं होती, आणि मधेच एक लहान मूल खुदकन हसत होतं. कांतीलालने डब्याला कान लावला. किमया लहानपणी पाखरांच्या नकला करायची. सापडलं.

त्या आठवड्याचं परीक्षण संपादक सुदर्शनने वाचलं आणि फोन करून विचारलं, "शेठ, बरं आहे ना? तुम्ही कौतुक केलंय." आठ गाण्यांची साल काढून झाल्यावर कांतीलालने सातव्यावर अख्खा परिच्छेद वाहिला होता. 'दाभोशाच्या धबधब्याशेजारी उभं राहिल्यावर अंगावर येणारा गारवा या पाव्यात आहे. कलाकार कोणीही असो, त्याच्या आईवडिलांनी त्याला नोकरीसाठी छळू नये.' आणि सहाव्याबद्दल एकच ओळ होती: 'सहाव्या गाण्यात काहीच नाही; कलाकार रेकॉर्डिंगचं बटण दाबायला विसरला असावा.'

गुरुवारी अंक निघाला. कांतीलाल दिवसभर फोनकडे बघत बसला. संध्याकाळी किमयाचा फोन आला.

"वाचलं बाबा. सातवं फार आवडलं ना तुम्हाला?"

"आता चांगल्याला चांगलं म्हणायला नको?" कांतीलालने आवाजात शक्य तेवढा तटस्थपणा आणला.

"ते हंगेरीच्या एका माणसाचं आहे. त्याला मी भाषांतर करून पाठवलं. तो रडला म्हणे. त्याचे वडील अजून त्याला नोकरी शोधतायत." मग ती म्हणाली, "माझं सहावं होतं. असू दे. ठरलं तसं सोमवारी येते मी."

ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती अगदी सरळ बोलली, आणि त्यामुळे कांतीलालला जेवण गेलं नाही. रंजना म्हणाली, "अहो, तुम्हाला ऐकू कमी येतं असं मी कधीची सांगतेय."

"त्यात काही नाहीच तर ऐकू काय," तो म्हणाला. "फाइल बिघडली असेल. पोरीने न बघता पाठवली असेल."

शनिवारी गिरणीत गर्दी होती. कांतीलालने दळण लावलं आणि सहावं गाणं पुन्हा सुरू केलं. काही नाही. पुन्हा लावलं. आवाज शेवटपर्यंत वाढवला. नुसती गिरणी. रांगेतली चंपा, पोशेऱ्याची, नागलीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती काहीतरी विचारू लागली तसं त्याने बोट ओठांवर ठेवलं. पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आणि लाइट गेली.

दिवा विझला, पंखा थांबत गेला, गिरणीचा पट्टा दोन हेलकावे खाऊन गप्प झाला. पण घरघर थांबली नाही. पीठ पडतं तशी बारीक सरसर चालू होती, आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी तो ठोका होता. ठक. पट्ट्याच्या चाकाला जुना पोचा आहे, त्याचा तो ठोका. मोखाड्यातल्या सगळ्या बायकांना तो माहीत होता. कांतीलालला मात्र तो ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं.

चंपाने गिरणीकडे बघितलं, वर दिव्याकडे बघितलं. मग तिने न राहवून विचारलं, "शेट, लायट तं गेली ना? मंग दळतंय कोन?"

कांतीलालने डब्याकडे बघितलं. डब्यातून त्याची गिरणी चालत होती. मग त्या ठोक्याखाली हळूच ढोलाचा ठेका आला, ठेका वाढला, ठोका त्यात मिसळला आणि सगळं मिळून पळायला लागलं. चंपाचा पाय हलत होता. तिच्या मागे बसलेली रुपी पिशवी खाली ठेवून उभी राहिली. मधेच सगळं थांबलं, आणि त्या शांततेत कांतीलालचाच आवाज आला, लांबून, पीठ चाळताना हाक मारतो तसा: "किमे, झोपलीस का गं?"

दिवाळीत तो 'जरा बाजारात जाऊन येतो' म्हणून गिरणी तशीच चालू ठेवून गेला असताना पोरगी इथे मोबाइल धरून बसली होती, आणि परत आल्यावर त्याने विचारलं होतं ते हे. ते त्याला आता आठवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पीठ गेलंय असं दाखवायची सोय होती, पण त्याने डोळे पुसलेसुद्धा नाहीत. ज्या पोरीच्या गाण्यात आपण आहोत, तिला आपण बटण दाबायला विसरलीस म्हणालो.

लाइट आली. गिरणी आपोआप सुरू झाली आणि गाणं पुन्हा नाहीसं झालं.

सुदर्शनला त्याने तिथूनच फोन लावला. "पुढच्या अंकात माझ्या सदरात एवढंच टाक. 'सहाव्या गाण्यात काहीच नाही असं मी लिहिलं होतं. गाण्यात सगळं आहे. मी गिरणी बंद केली नव्हती.' बस, बाकी जागेत जाहिरात घे." दुसरा फोन पतसंस्थेत केला. साहेब बरंच बोलले, ते त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. किमयाला फोन करायला तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला एवढं साधं वाक्य जुळवता येऊ नये, याचा त्याला रागच आला.

सोमवारी सकाळी किमया बॅग घेऊन जीपमधून उतरली. नेसायला आईने दिलेली साडीही आणली होती, पतसंस्थेत बरी दिसेल म्हणून. पेठेच्या टोकाला वळताना तिला घरघर ऐकू आली आणि तो ओळखीचा ठोका. नेहमीसारखी गिरणी चालू आहे, बाबा वर बघणारसुद्धा नाहीत, असं म्हणत ती दारात आली.

गिरणीचं बटण खाली होतं. पट्टा जागचा हलत नव्हता. रांगेतल्या बायका दळणाचे डबे तसेच ठेवून पोत्यांवर बसल्या होत्या, चंपा सगळ्यात पुढे. ब्लूटूथचा डबा खिळ्याला लटकत होता आणि त्याखाली, भुवया कोऱ्या काळ्या असलेला, तिने कधी न बघितलेला स्वच्छ कांतीलाल बसला होता.

"बाबा, गिरणी बंद का—"

कांतीलालने बोट ओठांवर ठेवलं आणि बाजूच्या पोत्यावर हाताने जागा झटकली.

"बस. सहावं चाललंय."