अंगठा हलला तेव्हा

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाला झोपवायचं आणि परत उठवायचं, एवढंच माझं काम. उठायला कुणी वेळ लावला की मी सगळ्यांवर खेकसतो, तसा तिरसट माणूसच आहे मी.

मे महिन्यात रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात इतवारीतल्या एका भांडेवाल्याच्या महाधमनीचं ऑपरेशन होतं. त्यात रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवावा लागतो, म्हणून मेंदू जपायला शरीर मुद्दाम थंडगार करतात. आदल्या दिवशी हे सांगितलं तर तो हसला.

"बाहेर एवढं ऊन तापून राहिलं अन् तुम्ही मले फ्रिजात ठेवता! मजाच आहे साहेब."

ऑपरेशन पार पडलं, शरीर पुन्हा गरम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेचं औषध बंद केलं; ते तासाभरात उतरतं. दुपार झाली तरी तो डोळे उघडेना, बोटही हलवेना. त्याची बायको त्याचा हात धरून उभी होती.

"काहून हलत नाहीत जी हे?"

"स्नायू सैल करायचं औषध दिलेलं असतं," मी म्हणालो. "शरीर थंड केलं की ते लवकर उतरत नाही. त्यात यांच्या किडन्या मंदावल्यात. उतरलं की हलतील."

यात खोटं काही नव्हतं. पण ते औषध उतरलं की नाही, हे तपासायचं छोटं यंत्र माझ्याच खिशात होतं. मनगटाला विजेचे चार बारीक झटके दिले की अंगठा चारदा सारखा उडतो. उडाला तर औषध संपलं. त्यासाठी मेंदू लागत नाही. सकाळपासून दोनदा हात खिशात घातला आणि तसाच बाहेर काढला. अंगठा उडाला तर त्याच्या न उठण्याचा अर्थ एकच उरणार होता. सर्जननं मेंदूच्या स्कॅनचा विषय काढला तेव्हा मी त्याच्यावरही ओरडलो. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

शेवटी चार वाजता यंत्र लावलं. अंगठा उडाला. चारही वेळा, सारख्याच जोरात.

"हलला! हलला जी अंगठा!" ती रडत रडत हसायला लागली. "मी म्हणत होती ना, थंडीच बसली होती त्याह्यले!"

औषध उतरलं होतं. थंडीही कधीच उतरली होती. मेंदूतलं जे गेलं होतं ते ऑपरेशनच्या टेबलावरच गेलं होतं, आणि ते सांगणं माझं काम होतं. मी "बाई," एवढंच म्हणालो.

तिनं त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरला.

"अजून एकदा करा न साहेब," ती म्हणाली.

मी पुन्हा बटण दाबलं.