सुभद्रेची उत्तरे आणि माझे नाव

अकरा वर्षे मी दुसऱ्याची उत्तरे स्वतःची म्हणून सांगितली.

ती दुसरी व्यक्ती म्हणजे माझी पत्नी सुभद्रा. चैत्रात ती गेली.

मी इयत्ता चौथी उत्तीर्ण आहे. ही पोस्ट स्वतः लिहीत आहे, नातवाकडून लिहवून घेतलेली नाही.

आपल्या कॉलेजच्या रेडिओवर दर वर्षी दिवसभर प्रश्नांची स्पर्धा चालते, हे आपणांस ठाऊक आहेच. फोन करून उत्तर द्यायचे.

आमच्या टीमचे नाव ‘शिंपी मास्तर’.

मी शिलाई मशीनवर बसून फोन धरीत असे. सुभद्रा मागे पाटावर बसून काजे-बटणे करी. प्रश्न आला की हातातली सुई न थांबविता हळूच उत्तर सांगे.

शाळेत ती कधी गेली नाही. परंतु कोणती मासळी कोणत्या महिन्यात, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर, सर्व तिला मुखोद्गत. मी तेच शुद्ध भाषेत सांगून शाबासकी घेत असे.

भिंतीवर सात प्रशस्तिपत्रे आहेत.

सातही माझ्या नावाची.

गेल्या वर्षी ती म्हणाली, “अवो, येकदा मना बोलू द्या ना फोनवर.”

“लोक हसतील तुझ्या बोलण्याला.”

“हसतील तं हसतील. उत्तर तं माजाच हाय ना?”

मी फोन दिला नाही.

आज पुन्हा स्पर्धा होती. मी फोन लावला. पहिलाच प्रश्न सुक्या मासळीचा.

“आजोबा, दहा सेकंद राहिले हां!” रेडिओवरची मुलगी म्हणाली.

मी सवयीने मान मागे वळविली.

पाट रिकामा होता.

“बाई, मला उत्तर ठाऊक नाही,” मी म्हणालो. “पूर्वीही नव्हते. आजवरची सर्व उत्तरे माझी पत्नी सुभद्रा हिची होती. कृपया तशी नोंद घ्यावी.”

एवढे बोलून मी फोन ठेवला.

दुपारी त्या मुलीने एका जुन्या स्पर्धेचे रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठविले. सोबत लिहिले होते, “आजोबा, नीट ऐका. मागे आजी आहेत.”

सुभद्रेचा आवाज माझ्याजवळ अन्यत्र कोठेही नाही. आम्ही कधी भरून ठेवलाच नाही.

प्रश्न होता, समुद्राला सर्वांत कमी भरती कोणत्या तिथीला येते?

मागून सुभद्रा म्हणते, “आठमीला. अवो, आठमीला सांगा.”

लगेच माझा आवाज. “तू गप्प बस.”

आणि मग, मोठ्याने, “अष्टमी!”

दुपारपासून तेवढाच तुकडा ऐकत आहे. प्रत्येक वेळी तिच्या पाठोपाठ मी येतो.

सुभद्रे, चुकलो. उत्तर तुझेच होते.

आता तू बोल. मी गप्प बसलो आहे.

तुला माझा अखेरचा नमस्कार.