घोकलेला आकडा

गोंदाच्या कारखान्यात तिला सगळे रीडिंगताई म्हणायचे. आठ वर्षं तिचं एकच काम होतं, दर तासाला टाक्यांपाशी फिरायचं आणि काट्यांवरचे आकडे वहीत उतरवायचे. शिफ्टचे साहेब खुर्चीतूनच सांगायचे, "आकडे लिही, डोकं लावू नकोस." पण बाईने डोकं लावलंच की! नोकरी सांभाळून ती इन्स्ट्रुमेंटेशनची, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांची, इंजिनिअर झाली. अभ्यास आईसमोर म्हणून दाखवायचा. आईला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ती बरोबर पकडायची. "घडाघडा म्हणतेयस, म्हणजे नुसतं घोकलंयस. समजलेलं माणूस मध्ये जरा तरी अडखळतं."

मग त्याच कारखान्यात तिला सहा महिन्यांसाठी इंजिनिअर म्हणून घेतलं. जमलं तर कायम, नाहीतर पुन्हा वही.

शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, कंट्रोल रूमच्या पडद्यावर मोठ्या टाकीची पातळी दिसत होती ६१.४ टक्के. तासापूर्वीही ६१.४च होती. ती साहेबांच्या खुर्चीकडे वळली.

"साहेब, टाकी भरणारा पंप बंद करा. हा आकडा घोकलेला आहे."

"काय?" साहेब खो खो हसले. "अगं, आत येतंय तेवढंच बाहेर जातंय. आकडा हलेल कशाला?"

"वरून गोंद पडतोय, आत ढवळणी फिरतेय. पॉइंटनंतरचा आकडा तरी हलायला नको?"

"बरं. पंप बंद केला आणि टाकी ठीक निघाली, तर उद्यापासून वही तुझ्या हातात. आहे कबूल?"

त्या वहीचा नुसता विचारही तिला नकोसा होता. "कबूल," ती म्हणाली आणि तिनेच पंपाचं बटण दाबलं.

पातळी मोजणारं यंत्र टाकीच्या तळाशी एका नळीवर बसवलेलं होतं. ती टाकीपाशी धावली. कॉक बंद करून तिने नळी सोडवली. एक थेंब पडेल तर शपथ! आत गोंद वाळून दगड झाला होता. तिने तार घालून, गरम पाणी ओतून नळी मोकळी केली, परत जोडली, कॉक उघडला. ती कंट्रोल रूममध्ये परतली, तर पडद्यावरचा आकडा टुणकन उडून ९७.८ वर थरथरत होता. पंप चालू राहिला असता तर जेमतेम पाच मिनिटांत टाकी ओसंडली असती आणि खाली सहा माणसं कामाला होती.

तिथल्या ऑपरेटरांपैकी कुणी शिट्टी वाजवली, कुणी टेबल बडवलं. तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

साहेब कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले. आठ वर्षांत त्या वहीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. आज त्यांनी ती उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम," ते म्हणाले, "किती लिहू?"