वाळवीचा पंचनामा

सकवारबाईंनी बंगळुरातल्या एका इस्पितळात एकतीस वर्षं लोकांची हाडं सांभाळली. म्हणजे हाडांचे एक्स-रे. तळघरातली एक लांबट खोली, छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक आणि त्यांत नंबर घातलेली पिवळी पाकिटं. डॉक्टरांनी नंबर सांगितला की चार मिनिटांत पाकीट वर पोचलं पाहिजे, हा बाईंचा स्वतःचा नियम. इस्पितळाचा नियम अर्ध्या तासाचा होता, पण तो त्यांना आळशी वाटायचा.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा निपाणीचा, नोकरी मारतहळ्ळीच्या एका कंपनीत, पण आठवड्यातले चार दिवस काम घरूनच. बाईंचं घराणं या शहरात किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड इतकं मुरलंय की माझं मराठी त्यांना बातम्यांसारखं वाटतं. मी त्यांना अक्का म्हणतो, सगळी गल्लीच म्हणते.

आमची वस्ती हुणसेकुंटे. कधीकाळी गाव होतं, शहराने गिळलं. घरापासून बसथांब्यापर्यंत एक जुनी बंडीवाट होती, बैलगाड्या जायच्या तेव्हाची. चालत सहा मिनिटं. अक्का नोकरीला त्याच वाटेने गेल्या, त्याच वाटेने परतल्या, आणि निवृत्तीनंतर गुडघ्याच्या व्यायामाला जायच्या त्याही तिथूनच.

मग वाटेच्या दोन्ही बाजूंना ‘बांबू व्हिस्पर’ नावाची बंगल्यांची वसाहत उभी राहिली. बांबू एकही नव्हता. काही वर्षं सगळं ठीक चाललं, आणि दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी वाटेच्या तोंडावर काळं फाटक आलं. फाटकाशी खुर्ची, खुर्चीवर रखवालदार, रखवालदाराच्या हातात मोबाईल.

“कोणत्या घरी जायचंय?” त्याने हिंदीत विचारलं.

“कोणत्याच नाही. पलीकडे जायचंय.”

“पलीकडे असा ऑप्शन नाही, मांजी. गेस्ट आहे, मेड आहे, कॅब आहे, डिलिव्हरी आहे.”

“बरं, डिलिव्हरी लिही.”

“काय पोचवायचंय?”

“मला.”

त्या दिवशी त्याने हसून सोडलं. दुसऱ्या दिवशी सोडलं नाही. वरून हुकूम आला होता. आता बसथांब्याला जायचं तर मोठ्या रस्त्याने दीड किलोमीटरचा वळसा, तोही पदपथ नसलेल्या रस्त्याने, टँकर आणि स्कूटर चुकवत. अक्कांनी वसाहतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी गाठले. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी थंड पाणी दिलं आणि म्हणाले, “आंटी, तुमच्याविषयी आदरच आहे. पण ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. वाट सरकारी असेल तर कागद दाखवा ना.”

कागद दाखवा! जिने जन्मभर लोकांना कागद काढून दिले, तिला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. अक्का घरी आल्या त्या जवळजवळ खुशीतच.

शेतजमिनीवर घरं बांधायची परवानगी दिली जाते तेव्हा तालुका कचेरीत तिची फाईल बनते. वसाहतीला अशी परवानगी २०११ साली मिळाली होती. त्या फाईलमध्ये बंडीवाटेबद्दल काहीतरी अट असणारच, असं अक्कांना एका निवृत्त तलाठ्याने सांगितलं आणि फाईलचा नंबरही दिला. मी म्हटलं, “अक्का, हल्ली सगळं ऑनलाइन आहे,” आणि रुबाबात लॅपटॉप उघडला. पोर्टलवर एक हसरी शेतकरीण होती. मी नंबर घातला, ओटीपी मागितला. ओटीपी आला तोवर पोर्टल मला बाहेर काढून मोकळं झालं होतं. पाचव्यांदा आत शिरलो तर पाटी आली: ही फाईल स्कॅन झालेली नाही, संबंधित कचेरीत संपर्क साधावा.

“म्हणजे कंप्यूटरने पण कचेरीतच जा म्हटलं,” अक्का म्हणाल्या. “सरी, बरं. चल.”

त्या कचेरीचं नाव मी सांगत नाही. अशा सगळ्याच कचेऱ्या माझ्या डोक्यात आता एक झाल्या आहेत. रेकॉर्ड विभागात शिवाप्पा नावाचे कारकून बसायचे. पन्नाशीचे, कपाळाला विभूती, आवाज इतका गोड की नकारसुद्धा प्रसादासारखा हातात पडायचा.

“दोन हजार अकरा? अय्यो अक्का, फार जुनी झाली की.”

“मी तुम्हाला एकोणीसशे ब्याऐंशीचा एक्स-रे चार मिनिटांत काढून दिला असता,” अक्का म्हणाल्या.

“तुमचं डिपार्टमेंट वेगळं, अक्का. हाडं टिकतात.”

सात खेपा झाल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर झोपलेला, कधी शिवाप्पा स्वतः निवडणुकीच्या कामाला. आठव्या खेपेला अक्कांनी माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. कन्नडमध्ये, स्वतःच्या हाताने, फाईलचा नंबर ठळक: २१७. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. तीस दिवसांची मुदत पाळण्यात ही माणसं किती काटेकोर असतात ते तेव्हा कळलं. उत्तर असं: सदर फाईल आढळून येत नाही, जुनी असल्याने वाळवीने नष्ट झाली असावी.

मी म्हटलं, “संपलं, अक्का.”

अक्कांनी चष्मा पुसला. “वाळवीने खाल्ली असेल तर खाल्ल्याचा कागद असेल की रे. आमच्याकडे एक पाकीट उंदराने कुरतडलं तर मला तीन प्रतींत लिहून द्यावं लागायचं.”

आणि त्यांनी दुसरा अर्ज केला. तो मी टाइप केला म्हणून मला पाठ आहे. वाळवीने फाईल खाल्ल्याची तारीख द्यावी. पंचनाम्याची प्रत द्यावी. त्याच रॅकवरच्या २१६ आणि २१८ या फाईली वाचल्या की त्याही खाल्ल्या, ते कळवावं. औषध फवारणी केली असल्यास कधी केली, आणि नसल्यास वाळवी स्वतःहून गेली का, तेही कळवावं.

पुन्हा एकोणतीस दिवस. उत्तर एका ओळीचं: वाळवीबाबत कोणतीही माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.

अक्कांनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. फाईल नाही, कारण वाळवी. आणि वाळवी तर नाहीच. मग त्या एकदम हसायच्या थांबल्या. “अभिजीत, यांनी शोधलीच नाहीये. एकदासुद्धा उठून बघितलं नाहीये.” मला वाटतं, फाटकापेक्षा त्यांना हे जास्त लागलं. गुडघा दुखत असताना त्या एकतीस वर्षं शिडी चढल्या होत्या.

अपील वरच्या अधिकाऱ्यांपुढे गेलं. तरुण बाई होत्या, नव्याने बदलून आलेल्या, टेबलावर अजून पुष्पगुच्छ. त्यांनी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचली.

“शिवाप्पा, वाळवीने फाईल खाल्ली हे तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाजाने, मॅडम.”

“वाळवी पाहिलीत?”

“मॅडम, ती दिसेल अशी खात नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. शेवटी त्यांनी असा आदेश दिला की अर्जदाराने स्वतः रेकॉर्डरूममध्ये येऊन तपासणी करावी, कर्मचाऱ्यांनी सहकार्य करावं. म्हणजे काम कचेरीचं, पगार कचेरीचा आणि शोधायचं सकवारबाईंनी. मला राग आला. अक्कांना नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी जुनी सुती साडी नेसली, नाकाला रुमाल बांधला, टॉर्च घेतली.

मी रजा काढून सोबत गेलो. खोलीत जेमतेम पाय ठेवण्यापुरती जागा होती. लाल कापडात बांधलेले गठ्ठे रॅकवर होते, रॅकखाली होते, खिडकीत होते. एका गठ्ठ्यावर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवली होती, आणि तिला मात्र रोज पाणी मिळत असावं. अक्का दारात उभ्या राहिल्या, जशा दुसऱ्याच्या अस्ताव्यस्त स्वयंपाकघरात बायका उभ्या राहतात तशा.

“हरवलेला कागद लांब जात नाही,” त्या म्हणाल्या. “आधी शेजारच्या नंबरात बघ. मग आकडे उलटे करून बघ. दोनशे एकाहत्तर, एकशे बहात्तर.”

पहिल्या दिवशी २१६ आणि २१८ सापडल्या, दोन्ही धडधाकट. मध्ये फाईलच्या जाडीची मोकळी जागा. दुसऱ्या दिवशी २७१ मध्ये कोणाच्या तरी वारसाची नोंद सापडली, १७२ मध्ये एका शाळेची जमीन. चुकीच्या जागी पडलेल्या अकरा फाईली अक्कांनी जिथल्या तिथे लावल्या. मी म्हटलं, “आपलं काम नाही हे.” त्या म्हणाल्या, “कुणीतरी वळसा घालत असेल रे या कागदासाठी.”

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा गुडघा सुजला. उभं राहवेना. खोलीत बसायला एक स्टूल नव्हतं. मी बाहेर येऊन शिवाप्पांना सांगितलं, आणि इथे त्या माणसाने, मी खोटं का सांगू, माणुसकी दाखवली. ताडकन उठले. “अक्का, या, माझ्या खुर्चीत बसा. मी चहा सांगतो.”

शिवाप्पांच्या खुर्चीची वेताची बैठक कधीच फाटलेली होती. त्यावर काहीतरी रचून वर टर्किश टॉवेल पसरलेला होता. अक्का बसल्या आणि लगेच तिरक्या झाल्या. त्यांनी हात मागे घालून टॉवेल चाचपला. लाल फीत बाहेर आली.

“अभिजीत, हात दे.”

त्या उठल्या, टॉवेल उचलला. खाली तीन फाईली होत्या, माणसाच्या वजनाने चांगल्या पाटीसारख्या सपाट झालेल्या. मधली २१७.

चहाचे तीन कप घेऊन शिवाप्पा दारात आले आणि तिथेच थांबले. कोपऱ्यातला प्रिंटर तेवढा चालू होता.

“मी आलो तेव्हा होतंच ते तिथे,” शिवाप्पा अगदी हळू म्हणाले. “सहा वर्षं झाली. मला वाटलं, जुने फॉर्म असतील.”

अक्कांनी कप घेतला. “एकदा उघडून बघायचं होतंत.”

घरी येताना रिक्षात मी तावातावाने म्हणत होतो की याने पैसे खाल्ले असणार, फाईल मुद्दाम दडवली असणार. अक्कांनी मान हलवली. “नाही रे. त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर उठला नसता.”

फाईलच्या सोळाव्या पानावर अट होती, स्पष्ट कन्नडमध्ये: बंडीवाट सार्वजनिक आहे, ती कायम खुली ठेवावी, तिच्यावर फाटक, भिंत वा अडथळा उभारू नये. नकाशात तीच वाट तुटक रेषांनी काढलेली. अक्कांनी शिक्क्यानिशी प्रत घेतली आणि सेक्रेटरींकडे गेल्या. त्यांनी पुन्हा थंड पाणी दिलं. म्हणाले, “हे कन्नडमध्ये आहे. आमच्या मेंबरना वाचता येत नाही.” मी इंग्रजी भाषांतर करून दिलं. म्हणाले, “लीगल ओपिनियन घ्यावं लागेल.” ते घ्यायला त्यांना चार महिने लागले. त्या चार महिन्यांत अक्कांनी सोळाव्या पानाच्या प्रती काढून गल्लीतल्या प्रत्येक घरात वाटल्या, आणि नव्या बाईसाहेबांकडे दर सोमवारी जाऊन बसल्या. काही मागत नव्हत्या. नुसत्या बसायच्या. शेवटी मोजणीदार आला, पोलीस आला, फाटक निघालं.

फाटकाच्या जागी आता सुरेख पितळी पाटी आहे: ‘आसपासच्या रहिवाशांच्या सोयीसाठी बांबू व्हिस्पर असोसिएशनने सद्भावनेने खुली केलेली वाट.’ खाली सेक्रेटरींचं नाव. मी ती पाटी काढायला लावू म्हटलं तर अक्का म्हणाल्या, “राहू दे. पाटीला वळसा घालावा लागत नाही.”

नोव्हेंबरात, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी कचेरीत सत्कार झाले. त्यात एक शिवाप्पांचा होता: दुर्मिळ अभिलेख परिश्रमपूर्वक शोधून काढल्याबद्दल. फोटोत ते नवीन खुर्चीत बसलेले दिसतात. अक्कांनी फोटो मन लावून पाहिला आणि म्हणाल्या, “गादी चांगली आहे.”

गेल्या महिन्यात शिवाप्पांचाच फोन आला. कोर्टाने १९९८ ची एक फाईल मागवली होती, आठ दिवसांत हजर करा म्हणून, आणि ती कुठेच मिळत नव्हती.

“अक्का, तुम्ही एकदा येऊन बघाल का? तुमच्या हाताला यश आहे.”

“येते की. साहेबांकडून तसं पत्र द्या. सकवारबाईंनी येऊन शोधून द्यावी, आम्हाला जमत नाही, एवढंच लिहा.”

शिवाप्पा म्हणाले, “असं लेखी कसं देणार, अक्का?”

पत्र आलेलं नाही. कोर्टात तारीख पडली, आणि कचेरीने तिथे उत्तर दिलं म्हणे. वाळवीचंच असावं. अक्कांना विचारलं तर त्या पायांत चपला सरकवत होत्या, आठ चाळीसची बस होती. “आता तरी पंचनामा केला असेल,” म्हणाल्या, आणि वाटेला लागल्या.