गरम सीटचा रोग

मोटारसायकल पायलटांच्या स्टँडवर किस्से कसे साठतात ते सांगतो. म्हापशाची बस येईपर्यंत पायलटाला काम नसते. गाडी सावलीत, ढुंगण गाडीवर आणि तोंड मोकळे. बस आली की अर्धा किस्सा तिथेच टाकून पळायचे. भाडे पोचवून परत येईपर्यंत दुसऱ्याने त्याला शेपूट लावलेले असते. अशी शेपटे लावत लावत मी पेडण्याच्या स्टँडवर जन्म काढला. काळी गाडी, पिवळे मडगार्ड. हळर्ण म्हणा, कुठलाही वाडा म्हणा, मागे बसवून नेऊन सोडले.

शाळेत मी फारसा गेलो नाही. त्यामुळे साजूक शब्द मला येत नाहीत. ज्याला साजूक पाहिजे त्याने इथेच उतरावे. भाडे मागणार नाही.

*

आमच्या स्टँडवर एक रोग होता. त्याचे नाव सीटरोग. उन्हाळ्यात मोटारसायकलची सीट अशी तापते की वर भाकरी भाजावी. त्यावर दिवसभर बसायचे. मग कोणाला परसाकडे रक्त दिसले की स्टँडचा निकाल ठरलेला : "सीट लागली."

हा निकाल देणारा मुख्य न्यायाधीश सगुण. हळर्णचा. त्याची गाडी कायम माझ्या गाडीला लागून. दसऱ्याला स्टँडवर गाड्यांची पूजा होते, तेव्हा देवापुढे गाऱ्हाणे घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणे मागायचा, मान त्याचा. आवाज असा की नदीपलीकडच्या म्हशीने मान वर करावी. तो म्हणायचा, "पायलट झालंस मगे पाइल्स येतलेच. नावातच असा ता."

औषधेही सगळी सीटचीच. सीटवर ओले गोणपाट घाला, काथ्याची उशी घाला. अंगात हुनसाण, म्हणजे उष्णता, झाली, म्हणून मुगाची पेज प्या, सोलकढी प्या. काजूच्या दिवसांत हुर्राकाची दारू बंद करा, असेही एक औषध होते. ते कोणी घेतले नाही.

तुळशीदास आमच्यातलाच. गरीब, कमी बोलणारा. त्याला सीट लागली, तर त्याने ही सगळी औषधे इमानाने केली. एक गोणपाट कुजले, दुसरे घातले. गालफडे बसली तरी भिजवत राहिला. शेवटी मोठ्या इस्पितळात नेला, तेव्हा आतड्यातली गाठ लिव्हरपर्यंत पोचली होती. दोतोर चिडून म्हणाला, "रक्त जात होते, तर एवढे दिवस काय करत होता?"

तुळशीदास म्हणाला, "सीट भिजयत होतंय."

तो गेला. त्याच्या बायकोने, शेवंतीवयनीने, स्टँडच्या कडेला भजी-पावाचा गाडा टाकला. मोटारसायकल विकली, पण ते गोणपाट ठेवले. गाड्यापुढे पाय पुसायला टाकले. सगळे पायलट त्याच्यावर पाय पुसून चहाला जातात.  कोणी पाय न पुसता आला तर वयनी त्याला परत पाठवते.

*

मग आरोग्य केंद्राची नर्सबाय स्टँडवर आली. तिच्या पिशवीत छोट्या छोट्या डब्या. म्हणाली, पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ही डबी द्यायची. झाकणाला काडी आहे, ती शौचाला टोचायची, परत आत घालून झाकण लावायचे. रक्त डोळ्यांना दिसायच्या आधी मशीनला दिसते.

स्टँडवर एकदम प्रत्येकाला आपली गाडी पुसायची आठवण झाली.

मी हात पुढे केला. मला काही होत नव्हते. पण तुळशीदासाला खांदा दिला होता, तो खांदा अजून दुखत होता. डबी दिली आणि मशीनला रक्त दिसले. मग मोठ्या इस्पितळात खालून दुर्बीण घातली. आत अळंब्यासारखा कोंब. तिथल्या तिथे कापला. दोतोर म्हणाला, राहू दिला असता तर पुढे ह्याचीच गाठ झाली असती.

दुसऱ्या दिवशी वयनीच्या गाड्याकडे उभा राहून मी हे सगळ्यांना सांगितले. काही लपवले नाही. दुर्बीण कुठून गेली, कशी गेली, जाताना मी काय काय बोललो. सगुणाच्या हातातले भजे हातातच राहिले.

"भिक्या, माणसा खातत थंय ह्यां उलय नको."

मी म्हटले, "मग हगतत थंय येऊन उलव?"

*

डब्या तर कोणी घेईना. म्हणून नर्सबायने स्टँडच्या वडाला एक छापील बोर्ड बांधला : "गुदाशय व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी." शब्द बघा. मला तो वाचायला बस येऊन सुटेपर्यंत वेळ लागला.

आठवड्याने नर्सबाय हसावे की रडावे अशा तोंडाने आली. केंद्रात रांग लागली होती, पण सगळ्या बायका. पेडण्यातल्या पुरुषांनी बोर्ड वाचला होता, "गर्भाशय". त्यांनी इमानदारीत घरच्या बायकांना पाठवून दिले. एकाने तर चिठ्ठी दिली होती की आईलाही बघून घ्या.

"बायकांनाही ही तपासणी लागतेच, म्हणून मी सगळ्यांना डब्या दिल्या," नर्सबाय म्हणाली. "पण पुरुषांचे काय करू?"

मी तो बोर्ड उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला तारकोळाने, म्हणजे डांबराने, माझा शब्द लिहिला : "ढुंगणातून रक्त येते? सीटला शिव्या देऊ नका. डबी द्या."

हा बोर्ड मात्र सगळ्यांनी नीट वाचला.

*

बोर्ड वाचून बाजारातले एक प्रतिष्ठित आले. इस्त्रीचे कपडे, देवळाच्या कमिटीत, सभा असली की पहिल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर. नाव सांगत नाही, ते अजून माझ्याच गाडीवरून फिरतात.

"भिकू, हा शब्द पूस. हा बाजार आहे. बायामाणसे येतात-जातात."

मी विचारले, "बायामाणसांना नसते?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "मराठीत चांगले शब्द नाहीत का?"

"होता की. चांगला शब्द आठवडाभर झाडाला बांधला होता. तुम्ही बायकोला पाठवलेत."

 चार दिवसांनी कोणीतरी तारकोळावर चुना फासला. मी परत लिहिले. परत चुना. परत लिहिले, आणि ह्या वेळी अक्षर मोठे काढले. डोक्याला हेल्मेट घाला म्हणून सरकार हमरस्त्यावर पोलीस उभे करते. ते चालते. माणसाला दोन टोके आहेत. एका टोकाची चौकशी झाली की ती सुरक्षा, आणि दुसऱ्या टोकाची झाली की ती घाण? चुना संपला, माझा तारकोळ संपला नाही.

*

माझ्यानंतर पुरुषांतली पहिली डबी बाहेरच्याने दिली, ही पेडण्याची लाज मी सगळ्यांना सांगतो. आप्पा म्हणून कोल्हापूरकडचा माणूस. कारखान्यात कामाला, रोज माझ्या मागे बसून जायचा. रस्त्यात मी त्याला डबीचे सगळे समजावले. वाऱ्यात त्याने अर्धे ऐकले.

दुसऱ्या दिवशी तो आला तो स्टीलचा जेवणाचा डबा घेऊन. घट्ट झाकण, वर रुमाल बांधलेला.

"म्हातारबा, तुमची डबी लईच बारकी. आमच्या घरच्यांनी म्हटलं, तपासायचंच हाय तर नीट तपासू द्या."

मी त्याला केंद्रात नेले. नर्सबाय दारातूनच मागे सरली. "अहो, काडीला लागेल एवढेच पाहिजे!"

मी तिला म्हटले, "बाय, ह्याला परत पाठवू नको. आमच्या बाकीच्या पुरुषांनी अजून काडीभर दिली नाही. ह्याने डबाभर आणला, त्याचा मान ठेव."

तिने मान ठेवला. डबा त्याच्याबरोबर घरी धाडला आणि नवी डबी दिली. आप्पाचे सगळे ठीक निघाले. आता तो माझ्या मागे बसून दुसऱ्यांना समजावतो, आणि मोठ्याने समजावतो.

*

आणि इकडे, माझ्या गाडीला लागून, सगुण वाळत चालला होता.

आधी त्याने सीटवर स्कूटरची फुगवलेली ट्यूब ठेवली. मग उभा राहूनच बसची वाट बघायला लागला. पँट ढिली होऊन कमरेला दोरी आली. मी एकदा गाठून विचारले, "रगत पडता?"

"तांबडी भाजी खाल्लंय काल."

दोन आठवड्यांनी विचारले. परत तांबडी भाजी. पावसात विचारले, तांबडी भाजी. चवथीला विचारले, तांबडी भाजी.

"सगण्या, परसात वाफो हा काय मळो?"

नर्सबायला विचारले. ती म्हणाली, भाजीने रंग येतो, पण मशीन रंग बघत नाही, रक्त बघते. डबी दिली की भाजी कुठली आणि रक्त कुठले ते आपोआप कळेल. हे मी सगुणाला सांगितले, तर त्याने भाजी सोडली आणि परत सीट धरली. म्हणाला, ह्या गाडीची सीटच वाईट. आणि खरेच, जुनी गाडी काढून नवीन आणली. लांब सीट, जाड गादी. हार घालून स्टँडवर उभी केली.

दहा-बारा दिवसांनी तो बाजारामागच्या संडासातून परत आला. तोंड पांढरे फटक, वडाला हात टेकला. मी एवढेच म्हटले, "गाडी बदललंस. ढुंगाण ताच."

तो माझ्यावर धावून आला. पण दोन पावले येऊन थांबला, कारण धावायला अंगात काही नव्हते. हळू आवाजात म्हणाला, "डबी दिलंय आणि तुळशीदासासारखा निघाला तर?"

मी म्हटले, "दिलंस नाय तर निघूचा नाय?"

तेव्हापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. गाडी पण माझ्यापासून लांब लावू लागला, स्टँडच्या दुसऱ्या टोकाला.

*

दसरा आला. गाड्या धुतल्या, झेंडूचे हार घातले, वडाखाली नारळ ठेवला. मी इतर पायलटांच्या कानात आधीच घातले होते की ह्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात डबीचे आले पाहिजे. देवापुढे एकदा "व्हय" म्हटले की पेडण्याचा माणूस मागे फिरत नाही. कोर्टात खोटे बोलेल, गाऱ्हाण्यात नाही. त्यांनी सगुणाला गळ घातली. सगुणाने माझ्याकडे न बघता मान हलवली. त्याला वाटले असेल, एक ओळ टाकली की हा म्हातारा वर्षभर गप्प बसेल.

तो उभा राहिला. अंगात नसला तरी आवाज तोच.

"बा देवा म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिसा तुझी लेकरां तुझ्याफुडे उबी रवली हत. तेंच्या चाकांक, तेंच्या ब्रेकांक सांबाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रस्त्यार कोण आडवो येयत तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या लेकरान अजून डबी दिली नाय, तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याने नारळ उचलला. तेवढ्यात मागून, भज्यांच्या कढईकडून आवाज आला. बायकांनी गाऱ्हाण्यात तोंड घालायचे नसते. पण शेवंतीवयनी हातात झारा घेऊन उभी होती.

"आणि जो गाऱ्हाणा घालता, तेची डबी खंय ती पण दाखय रे म्हाराजा!"

नारळ सगुणाच्या हातात तसाच.  मग आधी एक, मग दोन, मग सगळा स्टँड :

"व्हय म्हाराजा!"

*

सगुणाने डबी दिली. रक्त निघाले. दुर्बिणीत गाठ दिसली, पण आतड्यातच होती, पुढे सरकली नव्हती. ऑपरेशन ठरले.

इस्पितळात जायच्या दिवशी तो स्वतःची गाडी काढून तयार. म्हणे, आजवर कोणाच्या मागे बसलो नाही. मी त्याची चावी काढून वयनीकडे दिली आणि माझी गाडी त्याच्यापुढे लावली.  शेवटी बसला. सगळ्या वाटेत एवढेच बोलला, "क्लच सोडूक अजून येना नाय तुका."

त्याचे आतडे कापले, जोडले. दोतोराने औषधे दिली, ती संपेपर्यंत त्याचे केस विरळ झाले, मग परत आले, पहिल्यापेक्षा काळे. स्टँडवर आता सगळ्यांच्या डब्या जातात. सीटवर गोणपाट कोणी घालत नाही. मी मात्र बोलायचे थांबवले नाही. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, भाडे आहे का नंतर, आधी डबी दिलीस का. लोक वैतागतात. वैतागू देत.

पुढच्या दसऱ्याला सगुण परत गाऱ्हाण्याला उभा राहिला. गाडी माझ्या गाडीला लागून. चाके झाली, ब्रेक झाले, रस्ता झाला. सगळ्याला व्हय म्हाराजा झाले. मग त्याने माझ्याकडे बघितले आणि आवाज चढवला.

"आणि ह्यो भिक्या, वर्साचे बारा म्हयने, माणसा खातत थंय, जेवतत थंय, हगण्यामुतण्याच्या गजाली करता. ह्याच्या तोंडाक आतां तरी कुलूप घाल रे म्हाराजा!"

 आख्ख्या स्टँडवर एकानेही व्हय म्हटले नाही.

मग कढईकडून आवाज आला.

"नाय म्हाराजा!"