हातावर पारखलेला दिवा

रेवा आणि ओम, परवा रेवानं तीन दिव्यांची चित्रं पाठवून विचारलं, "आजी, माणसांचे फोटो काढायला यातला कुठला घेऊ? स्वस्तातला हवाय." मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, दिव्यांतलं मला कळत नाही. ज्यांना कळत होतं ते आपल्या नळदुर्गचे फोटोमामू गेल्याच महिन्यात गेले. म्हणून फोनवर न सांगता नीट लिहून पाठवते आहे.

मामू दिवा विकत घेताना दिव्याकडं बघतच नसत. दुकानदार वॅट सांगत राही, आणि मामू पेटलेल्या बल्बखाली कुणाचा तरी हात धरून त्या हाताकडं बघत. स्वतःचा हात त्यांना चालत नसे, कारण ते गोरेपान होते. "गोऱ्या हातावर कुठलाबी दिवा खपतो, बाई," ते मला म्हणत. "सावळ्या हातावर तो खरा का खोटा ते कळतं." ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती लागली एका चुकीमुळं, आणि त्या चुकीत माझा वाटा मोठा होता.

बसस्टँडसमोर त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. तुमच्या आईसाठी, शुभासाठी, स्थळं बघायला लागलो तेव्हा फोटो काढायला मी तिला तिथं नेलं. मामूंनी नुकतेच दोन मोठे हॅलोजन आणले होते आणि त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकून ठेवले होते. मी म्हणाले, "मामू, जरा उजळ येऊ द्या." तेव्हा प्रत्येक मुलीची आई हेच सांगायची. मामूंनी दोन्ही दिवे समोरून तिच्या तोंडावर सोडले. फोटोत शुभा पिठासारखी पांढरी आली. हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसेनासा झाला. मला तो फोटो फार आवडला.

लातूरची मंडळी बघायला आली. मुलाच्या आत्यानं फोटो शुभाच्या तोंडाशेजारी धरला आणि मला विचारलं, "फोटोतली हीच का? का हिला धाकटी बहीण आहे?" पोहे खाऊन ते गेले. चार दिवसांनी फोटो परत आला. नकार असला की फोटो परत करायची आपल्याकडं रीत होती. शुभा कपबशा पुसत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, तुलाही फोटोतलीच हवी होती ना?" आणि यापुढं कॅमेऱ्यासमोर बसणार नाही, असं सांगून टाकलं.

मी हे मामूंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. "बेटी, तू फोटो काढू नको," ते शुभाला म्हणाले. "नुसती माझ्यासंगं सोलापूरला चल, दिवा निवडायला. तुझा हात पाहिजे."

"हात कशाला? तीळ तर तुम्ही आधीच खाल्लात, मामू."

"तोच परत द्यायचाय."

आम्ही तिघं गेलो. मामू एकेक बल्ब लावायला सांगत आणि शुभाचा हात उलटसुलट करून बघत. सातव्या बल्बला दुकानदार वैतागला. "मामू, बल्ब घ्यायला आलाय का बांगड्या भरायला?"

"बांगडी चुकली तर बदलता येती, शेठ. चेहरा चुकला तर पोरगी रडती."

शेवटी दुकानातला जवळजवळ सगळ्यात स्वस्त, साधा पिवळसर बल्ब त्यांनी घेतला. दोन्ही हॅलोजन अणदूरच्या एका मांडववाल्याला देऊन टाकले. तेलाचा रिकामा डबा कापून त्यात बल्ब बसवला, समोर हातभर अंतरावर धुऊन मऊ झालेलं धोतर ताणलं, आणि गल्लीच्या गणपतीच्या आराशीतला उरलेला थर्माकोल उजेड परतवायला दुसऱ्या बाजूला उभा केला. दिवा समोर नाही, एका अंगाला. हे सगळं होईपर्यंत शुभा दारात उभी राहून बघत होती. मग कुणी न सांगता आत जाऊन स्टुलावर बसली. मी "उजळ" हा शब्द गिळला.

फोटो हातात घेऊन तिनं बराच वेळ बघितला. सावळा रंग, तीळ, डोळ्यांत थोडासा उजेड. "मी अशी दिसते?"

"अशीच. म्या काय केलं न्हाय. दिवा जरा बाजूला सरकवला."

पुढं तुमचे बाबा बघायला आले तेव्हा त्यांनी तो फोटो खिशात ठेवला आणि निघताना परत द्यायचं नाव काढलं नाही. तेव्हाच मला होकार कळला.

मोबाइल आले आणि मामूंचा स्टुडिओ बंद झाला. शेवटची भेटले तेव्हा त्यांना दिसत नव्हतं. आवाज ओळखून म्हणाले, "बाई, पोरीचा फोटो हाय का अजून?" आहे म्हटल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली आणि माळ्यावरचा तो दिव्याचा डबा काढून माझ्या हाती द्यायला लावला.

रेवा, तुझा रंग आईचा आहे. दुकानात जा, दिवा लावायला सांग, त्याखाली आपला हात धर, आणि मग किंमत विचार.

फोटो तुमच्या बाबांच्या पाकिटात आहे. मामूंचा दिवा माझ्या टेबलावर आहे. बल्ब दोनदा बदलला, डबा तोच आहे.